एका मिनिटात पोहोचलेली दुपार

प्रिय आत्या,

एखादी बाई फोनवर धडा बघत असते. अकराव्या मिनिटाला ती तो थांबवते आणि वीस मिनिटांनी बरोबर तिथूनच पुन्हा सुरू करते. मधल्या वीस मिनिटांत ती कुठे गेलेली असते? पावणेदोन वर्षं मी हाच प्रश्न घेऊन कामाला जाते आणि खरं सांगते, मला त्याचं उत्तर येत नाही. दूध उतू गेलं असेल, कुणी हाक मारली असेल, डोळा लागला असेल, किंवा नुसतीच ती भिंतीकडे बघत बसली असेल. माझ्यापर्यंत येतात त्या फक्त दोन वेळा, थांबल्याची आणि पुन्हा सुरू केल्याची. मधलं सगळं कोरं.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारलंस की "कंप्युटरवर असतं काहीतरी" म्हणून मी उडवून लावायचे आणि तू बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस, "आमच्या पदवीबाईंचं काम इतकं मोठं आहे की त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही." आज सांगते. आमच्या संस्थेत लोक घरबसल्या शिकतात हे तुला माहीतच आहे. शिकताना फोनवर त्यांचं बोट जिथे जिथे लागतं, तिथे एक ओळ तयार होते. धडा उघडला, एक ओळ. थांबवला, एक ओळ. दहा सेकंद मागे नेला, प्रश्नाचं उत्तर चुकलं, पान बंद केलं, प्रत्येकाची एक ओळ. याला आम्ही लॉग म्हणतो. दिवसाला चाळीसेक लाख ओळी येतात, त्याही कशाही येतात, काही दोनदा, काही तुटलेल्या, काही उलट्या क्रमाने. त्या निवडायच्या, दुबार असतील त्या काढायच्या, तुटलेल्या जोडायच्या आणि प्रत्येक शिकणाऱ्याच्या ओळी वेळेप्रमाणे एकीखाली एक लावायच्या, हे माझं काम. त्यावरून दर सोमवारी दोन याद्या निघतात. एक, ज्यांचं नीट चाललंय त्यांची. दुसरी, जे मागे पडलेत त्यांची. दुसऱ्या यादीतल्यांची काही आठवडे हालचाल दिसली नाही तर तसं कळवून त्यांची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला देतात. मार्गदर्शक मिळतो त्या अभ्यासक्रमांना जागा मोजक्याच असतात ना, म्हणून.

या ओळींत नावं नसतात. आमच्या टेबलापर्यंत येईतो नावं पुसलेली असतात आणि त्यांच्या जागी एक आकडा असतो. कुठला आकडा कोणाचा, ती यादी शेजारच्या खोलीत नोंदणीवाल्या काकूंच्या कपाटात, कुलपात. काकू किल्ली कमरेला लावून फिरतात आणि जेवतानासुद्धा एक हात तिच्यावर ठेवतात. मला ते फार आवडायचं. वाटायचं, किती नीट जग आहे हे! इथे कुणी कुणाच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत नाही. तू कुठे राहतेस, तुझे आई-वडील कोण, तुझी चप्पल कशी आहे, काहीच दिसत नाही. फक्त तू किती शिकलीस एवढंच दिसतं. आपल्यासारख्यांना याहून न्यायाचं काय हवं?

दुपारी जेवण झाल्यावर आमची खोली अगदी शांत होते. दुसऱ्या मजल्यावर, खालच्या गाड्यांच्या छपरांवरून उसळलेलं ऊन छतावर हलत असतं, पंखा गरगरत असतो, आणि पडद्यावर ओळी खालून वर सरकत राहतात. सरकतच राहतात. काही वेळाने मी त्या वाचत नाही, नुसती त्यांच्यातून वाहत जाते. अशा वेळी मला नेहमी तुझं तळघर दिसतं. सुट्टीच्या दिवशी मला सांभाळायला कुणी नसायचं, म्हणून तू मला रुग्णालयाच्या लाँड्रीत घेऊन जायचीस आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसवायचीस. सगळीकडे वाफ. वाफेतून तू येताना आधी तुझे हात दिसायचे, मग तू. रोलरमधून चादरी येत राहायच्या, पांढऱ्या, गरम, संपायचंच नाव नाही. तू मला दोन कोपरे द्यायचीस, दोन स्वतःकडे घ्यायचीस आणि आपण एकमेकींकडे चालत यायचो. घड्याळ मी त्या मोठ्या मशिनच्या गोल काचेवरच शिकले. एक फेरा म्हणजे चाळीस मिनिटं. "चाळीस मिनिटं आपली," तू म्हणायचीस, "मग याचं पोट रिकामं करायचं." त्या चाळीस मिनिटांत तू मला पाढे म्हणायला लावायचीस आणि मी चुकले की गंभीर चेहरा करून मशिनलाच विचारायचीस, "काय हो, बरोबर आलं का?"

बाबा म्हणतात, घरातली पहिली पदवी आली ती तळघरातून. पदवीदानाचा तो भाड्याचा काळा गाऊन आठवतो? तू तो तीनदा इस्त्री केलास. मी म्हटलं, अगं, दोन तासांत परत द्यायचाय. तर म्हणालीस, "दोन तास का असेना, सुरकुती दिसली तर लोक माझं नाव घेतील." फोटोत मी हसतेय आणि तू गाऊनच्या बाहीकडे बघतेयस.

मी ही नोकरी धरली ती त्या फोटोमुळे. तुला खरं वाटणार नाही. बाकीच्या मैत्रिणी मोठ्या कंपन्यांत गेल्या, आणि मी ठरवलं की ज्यांचं शिकायचं राहून गेलं त्यांच्यासाठी काम करायचं. मुलाखतीत मी असंच म्हणाले होते, अगदी भाषण केल्यासारखं. आमच्या विभागाच्या मुख्य, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "छान. पण इथे लोक भेटत नाहीत, ओळी भेटतात. चालेल?" मी म्हटलं, चालेल. मला वाटलं, ओळी म्हणजेच लोक.

मग गेल्या वर्षी तू एकदा सहज म्हणालीस की तिसऱ्या मजल्यावर, शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करतात त्या विभागात, साहाय्यकांच्या तीन जागा निघाल्यात. तू ते सहज म्हणालीस, पण मधेच खोकलीस. तुझा तो खोकला मी लहानपणापासून ऐकतेय, फक्त आता तो जिन्याच्या चौथ्या पायरीवरच सुरू होतो. डॉक्टरांनी वाफेतून बाहेर पड म्हणून सांगितलंय, हे तू मला नाही, बाबांनी सांगितलं. तू फक्त एवढंच म्हणालीस, "वर खिडकी आहे म्हणे. उघडते सुद्धा." त्या जागेला प्रमाणपत्र लागतं आणि तो अभ्यासक्रम आमच्याच संस्थेत आहे, हे कळल्यावर मी किती नाचले! स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आपण अर्ज भरला. शिक्षणाच्या रकान्यात तू "सातवी" लिहायला कचरत होतीस आणि मी म्हटलं, लिही बिनधास्त, आमच्याकडे कुणी बघत नाही. तू म्हणालीस, "मग कशाला विचारतात?"

पहिले काही आठवडे तू फोनवर किती बोलायचीस! वाफ, दाब आणि वेळ, यांचा धडा झाला त्या दिवशी तर तू मलाच शिकवलंस. कोरडी वाफ कुठली, ओली कुठली, आणि ओली वाफ का चालत नाही. "तीस वर्षं मी वाफेत आहे," तू म्हणालीस, "आणि तिचं नाव-गाव मला आत्ता कळतंय." मी इकडे खिडकीशी उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हेच. याचसाठी.

आणि मग सहाव्या आठवड्यात तुझा तो फोन आला. तू हसत नव्हतीस. चिडलीही नव्हतीस. म्हणालीस, एक संदेश आलाय, जरा ऐक, आणि तू तो एकेक शब्द सुटा करत वाचून दाखवलास. "गेल्या काही आठवड्यांत आपण अभ्यासात सक्रिय दिसला नाहीत. प्रत्येकाची वेळ वेगळी असते, याची आम्हाला जाणीव आहे. सध्या आपली जागा प्रतीक्षेत असलेल्या दुसऱ्या शिकणाऱ्याला देत आहोत. खचून जाऊ नका." वाचून झाल्यावर तू विचारलंस, "सक्रिय म्हणजे काय गं? मी तर रोज बघते." आणि मी काय म्हणाले, ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, "अगं आत्या, आकडे माणूस बघून काही खोटं सांगत नाहीत. तू बघत असशील, पण नुसतं चालू ठेवणं आणि अभ्यास करणं यात फरक असतो. सगळ्यांनाच जमतं असं नाही, मनाला लावून घेऊ नकोस." तू म्हणालीस, "बरोबर असेल तुमचं." तुमचं! मला जन्मात तू अहो-जाहो केलं नव्हतंस. त्यानंतर तू अभ्यासाचं कधी काढलं नाहीस. बाबांना सांगितलंस की डोकं आता चालत नाही. तिसऱ्या मजल्यावरची एक जागा भरली, हेसुद्धा मला बाबांकडूनच कळलं.

आता पुढचं सांगते. हे लिहायला मी तीन कागद फाडले.

आमच्याकडे काही हुशार लोक एक छोटासा प्रोग्राम लावून ठेवतात. तो त्यांच्या वतीने धडे चालवतो, थांबवतो, पुढे नेतो, आणि माणूस मात्र भलतीकडेच. अशा खोट्या ओळींनी आमच्या याद्या बिघडत होत्या. मी बरेच दिवस त्यांचा माग काढला आणि एक नियम शोधला. माणसाचं बोट एका मिनिटात किती वेळा चालेल? दहा, फार तर वीस. एकाच शिकणाऱ्याच्या शंभरावर ओळी जर एकाच मिनिटात आल्या, तर ते माणूस नव्हे, यंत्र. ती सगळी रास फेकून द्यायची. साधा, सुंदर नियम. त्याने एकोणीस तासांचं काम चार तासांवर आलं. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि वार्षिक अहवालात माझ्या नावाने अर्धं पान ठेवलं. माझ्या शेजारी बसतो त्याला सगळे स्वल्पविराम म्हणतात, कारण एकदा त्याच्या हातून एका फाइलमधला एकच स्वल्पविराम गळला होता आणि अख्ख्या संस्थेचे निकाल एक रकाना सरकले होते. तो म्हणाला, "बघ, मी एक स्वल्पविराम घालवून प्रसिद्ध झालो, तू लाखो ओळी घालवून होतेयस." आम्ही हसलो होतो.

गेल्या महिन्यात त्या अर्ध्या पानासाठी मला चार उदाहरणं हवी होती, यंत्रं कशी पकडली त्याची. म्हणून मी फेकलेल्या राशी उघडल्या. पहिल्यांदाच. आठ महिने आम्ही त्या फेकत होतो आणि कुणी त्यांत डोकावलंच नव्हतं. दुपारचीच वेळ होती, छतावर ते ऊन हलत होतं. एक आकडा माझ्या डोळ्यांसमोर वारंवार यायला लागला. शेवटचे चार अंक ७७३१. या शिकणाऱ्याच्या दीडशे, दोनशे ओळी एका मिनिटात यायच्या. रोज. रविवार सोडून. आणि ते मिनिट दुपारी तीन बावन्नच्या आसपास. मी म्हटलं, वा, काय शिस्तीचं यंत्र आहे. रविवारी सुट्टी घेतं!

आत्या, प्रत्येक ओळीला दोन वेळा असतात. एक, ओळ आमच्याकडे पोहोचली ती. दुसरी, फोनवर बोट लागलं तेव्हा त्या फोनच्या घड्याळात वाजले होते ती. आम्ही पहिलीच धरतो. लोकांच्या फोनची घड्याळं चुकलेली असतात, कुणाकुणाच्या फोनमध्ये तर पन्नास वर्षांपूर्वीची तारीख असते. म्हणून दुसरीकडे कुणी बघतच नाही. त्या दिवशी का कोण जाणे, मी ७७३१ च्या ओळी त्या दुसऱ्या घड्याळाप्रमाणे लावल्या. आणि ते एक मिनिट उलगडलं. घडी घातलेली चादर कोपरे धरून झटकावी, तसं. त्या एका मिनिटातून सबंध दिवस बाहेर आला. सकाळी आठ दहाला धडा सुरू. आठ बत्तीसला थांबवला. आठ एकावन्नला पुन्हा सुरू. नऊ बाराला थांबवला. मग पुन्हा. कुठे माणसाच्या हातून होते तशी चूक, एक बटण दाबायचं ते दुसरंच दाबलं, लगेच परत. एक बाई (का कोण जाणे, मला बाईच दिसली) बसली, उठली, बसली, उठली. तिचा फोन तेव्हा कुठल्याही नेटवर्कमध्ये नव्हता. आदल्या संध्याकाळी तिने धडे डाउनलोड करून ठेवले होते, दिवसभर ती ते बिनरेंजचे बघत होती, आणि तीन बावन्नला ती अशा कुठल्यातरी जागी यायची जिथे रेंज असते. तिथे फोन दिवसभरातलं सगळं एका दमात आमच्याकडे ओतायचा. ॲपमध्ये ही सोय नव्याने आली होती. ॲपवाले आमच्या खालच्याच मजल्यावर बसतात. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

त्या आठवड्यात मी ७७३१ च्या मागे मागे फिरत राहिले, स्वप्नात फिरावं तशी. तिचा चेहरा नाही, आवाज नाही, पण तिची चाल मला कळायला लागली. एका धड्यात सातव्या मिनिटाला ती दहा सेकंद मागे गेली होती. मग पुन्हा मागे. सलग सात वेळा. स्वल्पविराम माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, "हिला काही ते कळलेलं दिसत नाही." आमचं कोष्टकही तेच सांगतं, वारंवार मागे जाणं म्हणजे न समजणं. मी तो धडा उघडून सातवं मिनिट बघितलं. शिक्षक पडद्यावर तापमान, दाब आणि वेळ यांचा तक्ता दाखवतात आणि चार सेकंदांत पुढे जातात. चार सेकंदांत! मी त्याला म्हटलं, "कळलंय तिला. ती वहीत उतरवून घेतेय. सात ओळींचा तक्ता आहे, दर वेळी एक ओळ." तो खुर्ची ओढून बसला आणि आम्ही दोघांनी मिळून मोजलं. थांबणं आणि पुन्हा थांबणं यांत दर वेळी चाळीस मिनिटं. कधी एकोणचाळीस, कधी एक्केचाळीस.

मी उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. तू एकदा म्हणाली होतीस, तुझी पाळी संपली की जिना चढून वर आल्यावर फोन शुद्धीवर येतो आणि टिंग टिंग करायला लागतो. त्या तळघरात रेंज नसते हे मला माहीत होतं. मी तिथे वाढलेय. पण नियम लिहिताना मी त्या तळघरात नव्हते. मी मनात धरलं होतं, माणूस शिकायला बसतो तो टेबलाशी, संध्याकाळी, दिव्याखाली, मी बसायचे तसा. आणि मी तुझा संध्याकाळचा वेळ कोरा बघितला असता तरी मला वाटलंच असतं की तू दमून झोपत असशील.

७७३१ तू आहेस का? मला माहीत नाही. चाळीस मिनिटांची मशिनं जगात पुष्कळ असतील, आणि बिनखिडकीच्या खोल्याही. काकूंच्या कपाटाची किल्ली मी मागितली नाही आणि मागणारही नाही. नातेवाइकांची नोंद उघडायची नाही हा नियम आहे, आणि तुझा फोन आला तेव्हा काही तपासून बघायला नको म्हणून मी त्याच नियमाच्या मागे लपले होते. तेव्हा लपायला चालला, तर आता मोडायला नको. पण एक गोष्ट मी बघितली ती सांगते. ७७३१ चं नाव सहाव्या आठवड्यात काढलं. त्यानंतरही अकरा दिवस तिच्या ओळी येत राहिल्या. फोनमध्ये उतरवून ठेवलेले धडे ती बघतच राहिली, परीक्षा नाही, मार्गदर्शक नाही, हे माहीत असून. अकराव्या दिवशी शेवटचा धडा संपला, ती पहिल्या धड्याकडे परत गेली, तीन मिनिटं बघितलं आणि बंद केलं. तिथून पुढे कोरं.

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "नियम आजच बदल. झालं ते झालं. मागचं कशाला उकरायचं?" मी म्हटलं, मागे माणसं आहेत. त्या म्हणाल्या, "अहवाल छापायला गेलाय गं." मी म्हटलं, माझं अर्धं पान काढा, तिथे हे घाला. त्या रागावल्या नाहीत, हेच अवघड गेलं. रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. मी आणि स्वल्पविरामने नऊ दिवस बसून आठ महिन्यांच्या सगळ्या राशी दुसऱ्या घड्याळाने लावून काढल्या. खरी यंत्रंही सापडली, हजारभर. आणि सापडली सहाशे बारा माणसं, जी अभ्यास करत होती आणि ज्यांना आपण करत नाही असं कळवलं गेलं. बऱ्याच जणांचा अभ्यास ठरलेल्याहून जास्त होता. तो आकडा बघून मोठ्या बाईंनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, "पत्र पाठवू. पुढच्या तुकडीत सगळ्यांना जागा, रांग नाही, झालेला अभ्यास धरून. पण पत्र गेलं की फोन येतील, शिव्या येतील. त्या कोण ऐकणार?" मी म्हटलं, मी. "विचार कर. संस्थेच्या शिक्क्याला कुणी शिव्या देत नाही, नावाला देतात." मी म्हटलं, नाव घाला.

आणखी एक राहिलंय, आणि ते सगळ्यात वाईट आहे. तू वाचून दाखवलेला तो संदेश माझा होता. "प्रत्येकाची वेळ वेगळी असते", "खचून जाऊ नका", ही वाक्यं मी लिहिली होती. मोठ्या बाईंनी कोरडा मसुदा दिला होता आणि मी हट्टाने त्यात माया घातली होती. तू वाचायला लागलीस तेव्हा पहिल्याच शब्दाला मी ती ओळखली. माझंच वाक्य तुझ्या तोंडून, अडखळत, माझ्याकडे परत येत होतं. तेव्हा मी म्हणू शकले असते, आत्या, थांब, हे मी लिहिलंय, मी बघते काय झालं ते. मी म्हणाले नाही. मला माझा नियम बरोबर वाटत होता, आणि तू चुकीची. तू मला तीस वर्षांत एकदाही खोटं सांगितलेलं नाहीस... माझं वय तीस नाही, पण तू माझ्या जन्माआधीपासूनच खरं बोलत असणार. आणि तुझ्या शब्दापेक्षा मला पडद्यावरच्या ओळी खऱ्या वाटल्या.

काल दिवसभर मी सह्या केल्या. सहाशे बारा. पत्रांवर नावं नव्हती, वरच्या कोपऱ्यात फक्त आकडे. ७७३१ चंही आलं, दुपारी कधीतरी. तिथे मी थांबले नाही, कारण थांबले असते तर ते पत्र बाकीच्यांहून वेगळं झालं असतं. गठ्ठे शेजारच्या खोलीत गेले, काकूंनी दार लावून घेतलं, नावं आणि पत्ते आत घातले जातायत. पाकिटं शुक्रवारी निघतील. आज बुधवार आहे. त्यातलं एखादं तुझ्या नावाने येईल किंवा येणार नाही, आणि मला ते खरंच माहीत नाही. म्हणून मी आज सकाळची रजा काढून हे लिहायला बसले. पाकीट आधी पोहोचलं असतं आणि मग मी "आत्या, तू अभ्यास केला होतास, मला माहीत आहे" म्हटलं असतं, तर त्याला काय किंमत होती? कागद हातात आल्यावर कुणीही म्हणेल. म्हणून कागद यायच्या आधी म्हणते. तू अभ्यास केला होतास. तू रोज बघत होतीस. तू सांगितलंस, तेवढं मला पुरायला हवं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन जागा अजून आहेत, हे बाबांकडून मी खात्री करून घेतलंय, पण त्या तुला मिळतील असं मी म्हणू शकत नाही, ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात होतं ते मी केलंय. त्या प्रत्येक पत्राच्या शेवटी माझं पूर्ण नाव आहे आणि माझ्या टेबलाचा फोन नंबर आहे, आणि सोमवारपासून तो फोन मीच उचलणार आहे, कोणाचाही आला तरी.

तुझीच,
भाची